जुन्या पद्धतीची लाल वाइन करताय? या चुका टाळा

स्पेनच्या उत्तरेला, रिओहा भागात आरो नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या रेल्वे स्टेशनभोवती जुन्या वायनऱ्यांची वस्तीच आहे आणि त्यातल्या सर्वात जुन्यांपैकी एक म्हणजे लोपेझ दे एरेदिया घराण्याची. चिलीत जन्मलेल्या राफाएल लोपेझ दे एरेदिया यांनी ती १८७७ मध्ये सुरू केली. फ्रान्सच्या द्राक्षबागा तेव्हा फिलॉक्सेरा या मुळांवरच्या किडीने उद्ध्वस्त होत होत्या आणि तिथले व्यापारी वाइन शोधत एब्रो नदीच्या खोऱ्यात उतरले होते. आज घराण्याची चौथी पिढी ही वायनरी चालवते. लाल वाइन अजूनही ओकच्या मोठ्या जुन्या टाक्यांत आंबते, यीस्ट बाहेरून आणलं जात नाही, वाइन वर्षानुवर्षं बॅरलमध्ये मुरते आणि अंड्यातल्या पांढऱ्याने निवळते.

या वायनरीचे फोटो आपल्याकडे नाशिक, दिंडोरी, निफाडच्या छोट्या वाइन उत्पादकांमध्ये बरेच फिरतात. बुरशीने काळ्या पडलेल्या भिंती, छतापासून लोंबणारी कोळिष्टकं, मेणबत्तीच्या उजेडात काम करणारा माणूस. ते पाहून अनेकजण एक निष्कर्ष काढतात: जुनी पद्धत म्हणजे द्राक्षं टाकीत भरायची आणि निसर्गावर सोडून द्यायची. बहुतेक चुका या एका समजुतीतून निघतात. जुन्या पद्धतीत यंत्रं कमी असतात, काम कमी नसतं. उलट जे काम आज कूलिंग जॅकेट आणि फिल्टर करतात, ते तिथे माणसाला रोज हाताने करावं लागतं.

त्या मेणबत्तीचंच बघा. स्पेनमध्ये विजेचे दिवे सर्वात आधी लागले त्या गावांपैकी आरो एक, म्हणजे मेणबत्ती विजेअभावी नाही. बॅरलमधली निवळ वाइन दुसऱ्या बॅरलमध्ये काढताना तळाचा गाळ मागे ठेवायचा असतो. माणूस काचेच्या भांड्यात थोडी थोडी वाइन घेतो आणि ज्योतीसमोर धरून पाहतो. लाल वाइन निवळ असेल तोवर ज्योतीची कड त्यातून स्वच्छ दिसते. कड जरा धुरकट झाली की गाळ यायला लागला, त्या क्षणी धार बंद. कोळीही तसेच: बुचांना पोखरणारे पतंग ते खातात, म्हणून त्यांना हाकलत नाहीत. फोटोत जी सजावट वाटते तिला तिथे काहीतरी काम आहे.

पुढचं सगळं परवाना असलेल्या छोट्या उत्पादकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. महाराष्ट्रात वाइन बनवायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, तो नसेल तर घरी पिंप भरू नका.

ऋतू उलटा आहे हे विसरणं

रिओहात द्राक्षं सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात उतरतात. फर्मेंटेशन, म्हणजे आंबणं, संपतं आणि लगेच हिवाळा लागतो. वाइन आपोआप थंड होते, गाळ बसतो, जिवाणू सुस्तावतात. त्यातून तळघरं खडकात खोदलेली, वर्षभर थंड आणि दमट.

आपल्याकडे बागेची गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास होते आणि लाल वाणांची काढणी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे कोवळी वाइन थेट एप्रिल-मेच्या तोंडी जाते. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी पारा चाळीसला टेकतो. आरोतली पद्धत जशीच्या तशी इथे आणणारा हाच फरक धरत नाही, आणि जूनपर्यंत वाइनला शिरक्याचा वास येतो. तळघर शक्य नसेल तर जाड भिंतींची, इन्सुलेशन केलेली खोली आणि एसी हवाच. साठवणीच्या खोलीत १५ ते १८ अंश टिकवता येत नसतील तर बॅरलचा खर्च करू नका, स्टीलच्या टाकीत वाइन ठेवा आणि वर्षभरात विका. हे सांगायला मलाही आवडत नाही, कारण लाकडातल्या वाइनवर माझा जीव आहे. पण गरम खोलीतलं बॅरल वाइनला मुरवत नाही, मारतं.

फक्त ब्रिक्स बघून काढणी

टेबल द्राक्षांची सवय असलेला बागायतदार रिफ्रॅक्टोमीटर घेऊन बागेत जातो, २४ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) दिसले की मजूर बोलावतो. वाइनसाठी एवढं पुरत नाही. आपल्या उन्हात साखर झपाट्याने भरते आणि आम्लता तितक्याच झपाट्याने उतरते. आम्लता उतरली की पीएच चढतो: शिराझ या लाल जातीत २४ ब्रिक्सला पीएच ३.८ वर गेलेला असणं अगदी सहज घडतं. लाल वाइनसाठी ३.४ ते ३.६ च्या आसपासचा पीएच बरा. त्यावर गेलात की रंग निळसर, मळकट होतो, जिवाणूंना रान मोकळं मिळतं आणि वाइन टिकवायला पुढे घातलेलं सल्फाइट निम्मंही काम करत नाही.

म्हणून बागेच्या वेगवेगळ्या ओळींतून, उन्हाच्या आणि सावलीच्या दोन्ही बाजूंनी मणी गोळा करा, रस काढा आणि ब्रिक्सबरोबर पीएच मोजा. बी चावून बघा: हिरवट, चिकट असेल तर टॅनिन (तुरटपणा देणारं द्रव्य) कच्चं आहे, तपकिरी आणि कुरकुरीत झालं असेल तर तयार. पीएच जास्त निघाला तर टार्टरिक आम्ल फर्मेंटेशनच्या आधी घाला. लिटरला १ ग्रॅम आम्लाने पीएच ढोबळमानाने ०.१ उतरतो, पण आधी एक लिटर रसावर करून बघा आणि मगच टाकीत घाला. बाटली भरायच्या आधी घातलेलं आम्ल जिभेला वेगळं लागतं, ते वाइनमध्ये मिसळल्यासारखं वाटत नाही.

काढणी पहाटे करा, सकाळी नऊपर्यंत क्रेट वायनरीत पोहोचले पाहिजेत. फुटलेले, सडके, माशा बसलेले घड टेबलावर काढून टाका. रस आंबट वासाचा येत असेल तर पुढे कितीही काळजी घेतली तरी तो वास जात नाही.

भुरीसाठी गंधक मारत असाल तर काढणीआधी निदान पाच आठवडे थांबवा. मण्यांवर राहिलेलं गंधक टाकीत गेलं की यीस्ट त्यातून सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू तयार करतं. अनेक वायनऱ्या यीस्टला दोष देत बसतात आणि कारण मात्र बागेतल्या फवारणीच्या वहीत असतं.

जंगली यीस्टवर अंधविश्वास

लोपेझ दे एरेदियाच्या टाक्यांत शतकाहून जास्त काळ, दर हंगामात, त्याच जातींची द्राक्षं आंबली आहेत. लाकडाच्या रंध्रांत, भिंतींत, हवेत यीस्टची वस्ती ठाण मांडून आहे. मागच्या वर्षी बांधलेल्या शेडमध्ये, नव्या स्टीलच्या टाकीत ती कुठून येणार? मण्यांच्या सालीवर यीस्ट असतं, पण त्यातली बहुतेक जात ४-५ टक्के अल्कोहोलला दम तोडते. मधल्या दोन-तीन दिवसांत शिरक्याचे जिवाणू जागा पटकावतात.

जंगली यीस्ट वापरायचंच असेल तर मुख्य काढणीच्या पाच-सहा दिवस आधी दोन-तीन क्रेट निरोगी द्राक्षं काढा, छोट्या स्वच्छ पिंपात चुरडा आणि त्यांना आंबू द्या. अशी दोन-तीन वेगवेगळी पिंपं करा. ज्याचा वास स्वच्छ, फळाचा आणि ब्रेडसारखा येतो तेच मोठ्या टाकीत विरजण म्हणून घाला. नेलपॉलिशचा किंवा शिरक्याचा वास आला ते फेकून द्या.

पाकिटातलं यीस्ट घेत असाल तर त्यात कमीपणा नाही. फक्त ते कोरडं रसावर भुरभुरवू नका. १०० लिटरला २० ते २५ ग्रॅम यीस्ट, त्याच्या दहापट ३७-४० अंशांच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवा. मग टाकीतला रस थोडा थोडा घालत त्याचं तापमान रसाच्या जवळ आणा. दहा अंशांहून जास्त फरक असताना ओतलं तर निम्मं यीस्ट तिथेच मरतं आणि पंधरा दिवसांनी फर्मेंटेशन अडकतं, तेव्हा कोणाला हा क्षण आठवत नाही.

कॅपकडे दुर्लक्ष

लाल वाइनचा सगळा रंग आणि बरंचसं टॅनिन सालीत असतं, गर जवळजवळ बिनरंगी. म्हणून साली रसासोबत आंबवतात. कर्बवायू वर येताना साली उचलून धरतो आणि वर जाड थर तयार होतो, ती कॅप. जुन्या पद्धतीचा खरा कस इथे लागतो. पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यात माणसं दगडी हौदात उतरून पायांनी साली तुडवतात. इटलीच्या पिएमोंतेत काही घराणी बारोलो करताना लाकडी फळ्या आडव्या अडकवून कॅप रसात बुडवून ठेवतात आणि महिना-दीड महिना साली आत राहतात. पद्धत कोणतीही असो, साल कोरडी पडता कामा नये.

आपल्याकडे चूक अशी होते: सकाळी एकदा काठीने ढवळलं, संध्याकाळी पाहुणे आले, राहून गेलं. मार्चच्या उन्हात वरची साल काही तासांत सुकते आणि सुकलेल्या सालीवर शिरक्याचे जिवाणू बसतात. फर्मेंटेशन जोरात असताना दिवसातून तीनदा, अगदी रात्रीसुद्धा, कॅप दाबा किंवा खालचा रस पंपाने वर फिरवा. जोर ओसरला की दोनदा, मग एकदा.

तापमान टाकीच्या बाहेरून हात लावून किंवा खालच्या नळाचा रस घेऊन मोजू नका. लांब दांड्याचा थर्मामीटर कॅपच्या मधोमध खुपसा. खालच्या रसात २७ अंश असताना कॅपमध्ये ३३-३४ दिसतात आणि यीस्टची घालमेल तिथेच सुरू होते. लाल वाइनला २५ ते ३० अंश ठीक, ३५ च्या पुढे धोका. कूलिंग नसेल तर टाकी छोटी ठेवा, भोवती ओलं गोणपाट गुंडाळून पंखा लावा, स्वच्छ बाटल्यांमध्ये पाणी गोठवून त्या रसात सोडा. टाकी तीन-चतुर्थांशच भरा, नाहीतर कॅप काठावरून सांडेल आणि जमिनीवर माशांची जत्रा भरेल.

आणि एक गोष्ट जिवाशी संबंधित. एक लिटर रस आंबताना पन्नासएक लिटर कर्बवायू बाहेर पडतो. तो हवेपेक्षा जड, टाकीच्या आत आणि खोलीच्या तळाशी साठतो. साली काढायला आंबलेल्या टाकीत उतरलेली माणसं क्षणात बेशुद्ध पडतात, आणि त्यांना काढायला उतरलेला दुसराही. ज्योत तेवते आहे म्हणजे हवा ठीक, हा समज चुकीचा आहे. विझण्याआधीच वायू धोकादायक पातळीला पोहोचलेला असतो. टाकीत उतरू नका. ब्लोअरने हवा खेळवा, वायूमापक वापरा, साली बाहेरून फावड्याने ओढा, आणि उतरणं अटळच असेल तर दोरी आणि बाहेर दुसरा माणूस असल्याशिवाय नाही.

अडकलं की नाही, हे चुकीच्या यंत्रावर ठरवणं

ही चूक मी सर्वात जास्त वेळा पाहिली आहे. फर्मेंटेशनच्या आठव्या दिवशी कोणीतरी रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकतो, ८ ब्रिक्स दिसतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा ८. घबराट होते, नवं यीस्ट, खत, कधीकधी साखरसुद्धा टाकीत जाते. वाइन मात्र पूर्ण कोरडी, म्हणजे साखर संपलेली असते. अल्कोहोल प्रकाशाला वेगळं वळवतं, त्यामुळे रिफ्रॅक्टोमीटर फर्मेंटेशन सुरू झाल्यावर खोटं बोलतो. २४ ब्रिक्सचा रस पूर्ण आंबल्यावरही त्यावर आठच्या आसपास आकडा दिसू शकतो.

फर्मेंटेशनमध्ये घनता मोजणारा हायड्रोमीटर वापरा. नमुना आधी भांड्यात जोरात हलवून त्यातला वायू काढा, कारण बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून त्याला वर उचलतात. घनता ०.९९५ च्या आसपास येऊन थांबली तर काम झालं. १.०१० वर दोन दिवस हलली नाही तर खरंच अडकलं आहे.

मग आधी कारण शोधा: कॅप तापली होती का, रसात नत्र कमी होतं का, ब्रिक्स २६ च्या वर होते का. जास्त अल्कोहोल सहन करणारं यीस्ट घ्या, ते भिजवा, त्यात पाणी, थोडा रस आणि अडकलेली वाइन मिसळून छोटं विरजण तयार करा. ते फसफसायला लागलं की दुप्पट वाइन घाला, पुन्हा फसफसू द्या, पुन्हा दुप्पट. तापमान २० ते २५ ठेवा. कोरडं यीस्ट थेट १२ टक्क्यांच्या वाइनमध्ये टाकणं म्हणजे पाकीट वाया घालवणं. डीएपीही (यीस्टला नत्र देणारं खत) या टप्प्यावर नको. ते फर्मेंटेशनच्या पहिल्या एक-तृतीयांश टप्प्यात, साखर बरीच शिल्लक असतानाच द्यायचं असतं, नंतर ते नको त्या जिवाणूंचं अन्न होतं.

सडक्या अंड्यांचा वास फर्मेंटेशन चालू असताना आला तर रस हवा खेळेल असा उंचावरून पाडून फिरवा, गरज असेल तर लिटरला ०.२ ते ०.३ ग्रॅम डीएपी. संपल्यावर आला तर लगेच जाड गाळावरून वाइन उतरवा. पुढच्या महिन्यावर ढकललंत तर तोच वास कांद्या-लसणासारखा होतो आणि मग हवेने जात नाही.

मॅलोलॅक्टिक संपायच्या आधी केएमएस

साखर संपल्यावर जिवाणू मॅलिक आम्लाचं लॅक्टिक आम्ल करतात आणि लाल वाइन मऊ होते, हेच मॅलोलॅक्टिक. आरोच्या थंड तळघरात हे काम पूर्वी वसंतापर्यंत रेंगाळायचं. आपल्याकडे उष्णतेमुळे ते पटकन सुरू होतं, एवढाच काय तो आपल्या हवेचा फायदा. घाईने केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) घातलं की ते अर्ध्यावर थांबतं आणि पुढे बाटलीत सुरू होतं. ग्राहकाच्या घरी बूच वर सरकतं, वाइन फसफसते. पेपर क्रोमॅटोग्राफीचा किट स्वस्त आहे, कागदावर मॅलिकचा ठिपका नाहीसा झाला की मगच सल्फाइट.

सल्फाइटचा हिशोब पीएचवर करा, सवयीवर नको. पीएच ३.५ असताना मोकळं सल्फर डायऑक्साइड लिटरला साधारण २५ मिलिग्रॅम असेल तर लाल वाइनला संरक्षण मिळतं. तेवढंच संरक्षण ३.८ ला हवं असेल तर ५० च्या आसपास लागतं. केएमएसमध्ये जेमतेम ५७ टक्के सल्फर डायऑक्साइड असतं: १०० लिटरला ५ ग्रॅम घातलं तर लिटरला सुमारे २८ मिलिग्रॅम पडतं आणि त्यातलंही काही वाइनला बांधलं जातं. म्हणून घातल्यावर पुन्हा मोजा. मागच्या हंगामातलं उघडं पडलेलं पाकीट वापरू नका, त्याची ताकद उडालेली असते.

जुनं बॅरल आणि खराब बॅरल

आरोतली बॅरलं खूप जुनी आहेत, पण वायनरीची स्वतःची सुतारशाळा आहे. तिथे अमेरिकन ओकची बॅरलं बनवतात, जुन्यांच्या फळ्या बदलतात, गळती बुजवतात. वापरात येणाऱ्या जुन्या बॅरलवर सतत कोणाचा तरी हात फिरलेला असतो.

आपल्याकडे सेकंडहँड बॅरल स्वस्तात मिळालं की घेतलं जातं. घ्या, पण आधी बूच काढून नाक आत घाला. शिरक्याचा, बँडेजपट्टीचा किंवा घोड्याच्या घामाचा वास आला तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या. तो ब्रेटॅनोमायसिस यीस्टचा किंवा शिरक्याच्या जिवाणूंचा असतो, ते लाकडात खोलवर बसतात आणि उकळत्या पाण्यानेही पुरते निघत नाहीत. अशा बॅरलमध्ये रोपं लावा. रिकामं बॅरल धुऊन, निथळून, आत गंधकाची वात जाळून बूच बंद करून ठेवा आणि दर महिन्याला पुन्हा वात जाळा.

भरलेलं बॅरल दर आठवड्याला टॉप अप करा, म्हणजे कमी झालेली वाइन भरून काढा. २२५ लिटरच्या बॅरलमधून लाकडातून वाइन उडत राहते, आपल्या कोरड्या उन्हाळ्यात जास्तच. वर दोन बोटं जागा राहिली की पृष्ठभागावर पांढरट पापुद्रा येतो. त्यासाठी त्याच वाइनचे काही डबे-बाटल्या आधीच भरून बाजूला ठेवा. दुसरीकडची वाइन, किंवा पाणी, घालायची वेळ येऊ देऊ नका.

निवळण्यासाठी अंडी वापरायची तर २२५ लिटरला चार ते सहा अंड्यांतलं पांढरं, चिमूटभर मीठ घालून हलक्या हाताने मिसळलेलं. फेस येईपर्यंत फेटलंत तर ते वाइनवर तरंगत राहतं. आधी एका बाटलीवर करून बघा, नाहीतर टॅनिनबरोबर वाइनचा भरीवपणाही निघून जातो. अंडं न खाणाऱ्या घरांत तुमची वाइन जात असेल तर हे त्यांना स्पष्ट सांगा. वेळ असेल तर नुसतं थांबून, दोनदा गाळावरून उतरवूनही वाइन बऱ्यापैकी निवळते.

किती वर्षं ठेवायची

लोपेझ दे एरेदियाची विन्या तोंदोनिया ग्रान रिझर्वा, म्हणजे त्यांची सर्वात जास्त मुरवलेली वाइन, दहाएक वर्षं बॅरलमध्ये राहते, हे वाचून अनेकांचा विचार पक्का होतो. ती वाइन टेम्प्रानिलोची असते, सोबत गार्नाचा, ग्रासिआनो आणि मासुएलो. शेवटच्या दोन जाती आम्लता आणि कणखरपणा देतात. टेम्प्रानिलो नाशिकच्या मातीतही लावलेली आहे आणि छान येते, पण इथला पीएच आणि इथला मे महिना तिला दहा वर्षं देणार नाहीत. चांगल्या खोलीत बारा ते अठरा महिने हा आपल्यासाठी समंजस काळ आहे. दर महिन्याला चव घ्या, फळाचा वास ज्या महिन्यात ओसरायला लागला त्याच्या आत बाटली भरा.

शिरक्याचा वास स्पष्ट लागायला लागलेल्या वाइनवर कोणताही घरगुती उपाय नाही. सोडा घालून आम्लता मारता येते, पण वास राहतो आणि वाइन साबणासारखी लागते. चांगल्या वाइनमध्ये थोडी थोडी मिसळून खपवण्याचा मोह होतो, पण त्याने दोन्ही जातात. युरोपात लाल वाइनमधल्या ॲसिटिक आम्लाची मर्यादा लिटरला १.२ ग्रॅम आहे, पण नाकाला ते त्याआधीच कळतं. अशी टाकी त्याच दिवशी वायनरीच्या इमारतीबाहेर काढा, शिरका करायचा असेल तर दूरच्या शेडमध्ये, वेगळ्या पाइपने आणि वेगळ्या पंपाने. त्या पाइपला लाल रंगाची पट्टी मारून ठेवा, म्हणजे पुढच्या हंगामात मजूर चुकून तो उचलणार नाही.